सपाट सांगलीत गियरची सायकल लागते का?

विश्रामबागकर

नमस्कार मंडळी. बरेच दिवस डोक्यात घोळतंय, म्हणून इथं विचारतो.

मी विश्रामबागला राहतो आणि कुपवाड एमआयडीसीत कामाला आहे. चार वर्षांपूर्वी एकवीस गियरची हायब्रिड सायकल घेतली. तेव्हापासून मुसळधार पाऊस सोडला तर कामावर सायकलनंच जातो. रविवारी जरा लांब, म्हणजे हरिपूर, औदुंबर, कधी तासगाव.

गेल्या महिन्यात वडिलांची काळी सायकल पत्र्याच्या शेडमधून बाहेर काढली. वडील मार्केट यार्डात हळदीच्या पेढीवर दिवाणजी होते, तीस वर्षं याच सायकलवर गेले-आले. दोन्ही टायर चिरलेले, चेन गंजून काठीसारखी ताठ झालेली. माधवनगर रस्त्याला एक जुने मिस्त्री आहेत, त्यांच्याकडे ओव्हरऑइलला टाकली आणि दोन तास तिथंच स्टुलावर बसून राहिलो. त्यांनी छर्रे काढून रॉकेलच्या वाटीत टाकले, चाकांचा आऊट काढला, म्हणजे डुलणारी चाकं सरळ केली. हँडलच्या मुठी उपटल्या तर आत हळदीची पूड निघाली. पार तपकिरी झाली होती, पण बोटावर चोळली तर वास आला. मिस्त्रींनी ती झटकली नाही. वर्तमानपत्राच्या तुकड्यावर काढून माझ्या हातात दिली.

तर महिनाभर याच सायकलवर कामाला जातोय. काही अडलेलं नाही. चेनकव्हर आहे म्हणून पँट मळत नाही, कॅरियरला डबा बसतो, स्टँडवर उभी राहते, पावसाळ्यात पाठीवर चिखलाची रेघ उठणार नाही. हायब्रिडला यातलं काहीच नाही. आणि खरं सांगायचं तर एकवीसपैकी मी तीनच गियर वापरत होतो. आपल्याकडे चढ तरी कुठला? आयर्विनचा पूल आणि रेल्वेचे उड्डाणपूल, संपलं.

हायब्रिड पुतण्याला देऊन टाकावी असं मनात आहे. तुमचा अनुभव काय?

सराटा

लागत नाही. सोळा वर्षं बुधगाव ते सांगली बिनगियरची चालवतोय. गियर म्हणजे बिघडायला एक वस्तू जास्त. टायर मात्र जाड घ्या. आपल्या भागात माणसाला चढ दमवत नाही, सराट्याचे काटे दमवतात. टोपणनाव उगीच घेतलेलं नाही.

कृष्णाकाठ

विश्रामबागकर, घाई करू नका. सांगली सपाट आहे हे जमिनीबद्दल खरं आहे, वाऱ्याबद्दल नाही.

तुमच्या काळ्या सायकलला पुढे किती दात आणि मागे किती, ते मोजून सांगाल का? मग बोलू.

विश्रामबागकर

मोजले काका. पुढे ४४, मागे १८. चाक अठ्ठावीस इंचांचं.

कृष्णाकाठ

छान. आता कागद-पेन्सिल घेऊन बसा.

४४ भागिले १८ म्हणजे २.४४. पायडलच्या एका फेऱ्यात चाक जवळजवळ अडीच वेळा फिरतं. अठ्ठावीसच्या चाकाचा घेर साधारण २.२ मीटर, म्हणजे एका फेऱ्यात तुम्ही ५.४ मीटर पुढं जाता. मिनिटाला साठ फेरे मारले तर ताशी १९ किलोमीटर. सकाळच्या थंड, निवांत हवेत हा वेग अगदी सुखाचा. जुन्या लोकांनी हे गणित उगीच नाही बसवलं.

आता संध्याकाळी पाच वाजता कुपवाडहून निघा. आता मार्च लागेल. उन्हं तापली की पश्चिमेकडचं वारं सुटतं आणि तुम्हाला नेमकं त्याच्या तोंडावर यायचं असतं. वारं ताशी १५ नं येतंय आणि तुम्ही १५ नं चाललाय, तर अंगावर ३० चं वारं लागतं. हवेचा रोध वेगाच्या वर्गानं वाढतो, म्हणजे एरवीच्या दुप्पट नाही, चौपट. तुमचा वेग पडून ताशी १३ वर येतो. बिनगियरच्या सायकलवर १३ चा वेग म्हणजे मिनिटाला जेमतेम चाळीस फेरे. प्रत्येक फेऱ्याला तुम्ही गुडघ्यानं दगड ढकलल्यासारखं पायडल ढकलता.

गियर चढासाठी असतो असं सगळे समजतात. पाय एका लयीत फिरत राहावेत हे गियरचं खरं काम. चढ आला, वारं आलं, मागं गव्हाचं पोतं आलं, तरी पायांची लय मोडू नये. तीनच गियर वापरत होतो म्हणता, ते बरोबरच आहे. ते तीन तुमच्या गुडघ्यांचे राखणदार होते. महिनाभरात गुडघा कुरकुरला नसेल तर नशीब समजा. तसाही अजून जोराचा वारा सुरू कुठं झालाय? आणि जून ते सप्टेंबर तर विचारूच नका.

मी निवृत्त झाल्यापासून रोज पहाटे आमराईवरून निघून वीस-बावीस किलोमीटर करतो. वय ६८. गियर नसता तर दोन वर्षांपूर्वीच सायकल खुंटीला टांगली असती.

विश्रामबागकर

काका, खरं सांगायचं तर उजवा गुडघा गेल्या आठवड्यापासून दुखतोय. मी म्हटलं वय झालं.

कृष्णाकाठ

वयावर ढकलू नका, आधी सीट बघा. वडिलांची उंची तुमच्यापेक्षा कमी होती का? सीटवर बसून टाच पायडलवर ठेवा आणि पायडल अगदी खाली न्या. त्या जागी गुडघा पूर्ण सरळ झाला पाहिजे. मग चवड्यानं मारताना तो हलकासा वाकलेला राहतो, तेवढाच हवा. आपल्याकडे दहातले सात जण सीट खाली ठेवून चालवतात. थांबल्यावर दोन्ही पाय जमिनीला टेकावेत म्हणून. तिथूनच गुडघेदुखी सुरू होते.

विश्रामबागकर

सीट दोन इंच वर घेतली. वडील खरंच बुटके होते, हे लक्षातच आलं नाही. गुडघ्याचं पुढच्या आठवड्यात सांगतो.

शाळेची_घंटा

मी तासगाव रस्त्याच्या एका गावात शिक्षिका आहे. सहा किलोमीटर जाणं, सहा येणं, लेडीज सायकलवर. माझ्या मते गियर आहे की नाही यापेक्षा सायकल रोजच्या कपड्यांत चालवता येते की नाही हे महत्त्वाचं. दुकानात गेलं की एकतर लहान मुलीची गुलाबी सायकल दाखवतात, नाहीतर आडव्या नळीची गियरची, जिच्यावर साडी किंवा पंजाबी ड्रेस घालून बसताच येत नाही. मधे काही नाहीच. मागच्या चाकाला जाळी नाही, ओढणी अडकते. ज्या बायका रोज सायकल चालवतात त्यांना विचारून सायकल कधी बनवतात का, असा प्रश्न पडतो.

वाऱ्याचा विषय निघाला म्हणून सांगते. आमच्या शाळेतल्या मुली पाच-सहा किलोमीटरवरच्या वस्त्यांवरून येतात. वारं मागून असलं की तिघी-तिघी शेजारी शेजारी, गप्पा मारत. समोरून आलं की आपोआप एकीमागे एक लागतात. पुढची दमली की ती बाजूला होते आणि मागची पुढं येते. त्यांना हे कुणी शिकवलेलं नाही. काल एका नववीतल्या मुलीला विचारलं तर म्हणाली, "बाई, पुढचीच्या सावलीत वारं लागत नाही." सावलीत म्हणाली, मला तो शब्द फार आवडला.

कृष्णाकाठ

ताई, मोठाल्या शर्यतींतले सायकलपटू हेच करतात, आणि पुढच्याच्या आडोशानं जाणाऱ्याचे कष्ट बऱ्यापैकी वाचतात. पोरींना माझ्याकडून शाबासकी सांगा.

मिरजवेस

धाग्याला जरा फाटा फोडतोय, माफ करा. गियर घ्या नाहीतर घेऊ नका, मागचा लाल दिवा आधी घ्या. आणि पुढचा त्याहून चांगला घ्या.

मागच्या जानेवारीत पहाटे साडेपाचला पंढरपूर रस्त्याला लागलो होतो. धुकं नव्हतं, नुसता अंधार. उसाची ट्रॉली रस्त्यात उभी, आस मोडलेला. मागं ना दिवा, ना रेडियम, ना दगड, ना एखादी फांदी. वाडं, म्हणजे उसाचे शेंडे, बाहेर लोंबत होतं, तेही अंधारात अंधारासारखंच. माझ्या साध्या टॉर्चचा उजेड तिच्यावर पडला तेव्हा अंतर उरलं नव्हतं. ब्रेक मारला, चाक घसरलं, खांद्याजवळचं हाड मोडलं. हेल्मेट होतं, ते चिरलं. सहा आठवडे हात गळ्यात. घरच्यांनी सायकल विकायलाच काढली होती.

ट्रॅक्टरवाला पळून गेला नाही, हे मुद्दाम सांगतो. वीस-बावीस वर्षांचं पोरगं, बीडकडचं. त्यानंच मला उचललं आणि येणारी रिक्षा थांबवली. दोन रात्री झोपला नव्हता, कारखान्याच्या वजनकाट्यावर नंबर लागायची वाट बघत होता. मी त्याच्यावर राग धरलेला नाही. पण दोन ट्रॉल्या जोडून, दोन्ही बाजूंनी ऊस बाहेर आलेला, आणि मागं एक लाल ठिपका नाही, हे दर हंगामात चालू राहतं. नोव्हेंबर ते मार्च पहाटे निघणाऱ्या प्रत्येकानं हे मनात धरूनच निघावं.

सराटा

मिरजवेस दादा, वाचून अंगावर काटा आला. लवकर बरे झालात हे देवाचंच.

आम्ही चौघं गेल्या हंगामापासून एक करतोय. पहाटे फिरायला जाताना खिशात लाल रेडियमची पट्टी आणि कात्री ठेवतो. हॉटेलला चहाला थांबलो की तिथं उभ्या ट्रॉल्यांच्या मागच्या फळीला लावतो. ड्रायव्हरला विचारून, हे महत्त्वाचं. न विचारता हात लावला तर माणूस चिडणारच. विचारलं तर एकानंही नाही म्हटलेलं नाही. उलट एकानं सांगितलं, "पुढच्या ट्रॉलीलाही लावा की." फळी धुळीनं माखलेली असते, तिथं पट्टी टिकत नाही. आधी ओल्या फडक्यानं पुसायची, मग कोरड्यानं, मग लावायची आणि अंगठ्यानं दाबत न्यायची. या हंगामात आतापर्यंत ३७ झाल्या.

पेडलप्रेमी

काम चांगलं आहे, पण हे आपलं काम आहे का? ज्याची वाहतूक त्यानं करावं. आपण पट्ट्या चिकटवत बसलो तर ज्यांनी करायला हवं ते हात झटकून मोकळे होतात.

सराटा

तुमचं म्हणणं पटतं. अर्ज पण दिलाय, पोच घेऊन ठेवलीय. पण उद्या पहाटे मी त्याच रस्त्यानं जाणार आणि ट्रॉलीही त्याच रस्त्यानं येणार.

मिरजवेस

पट्टीचं रीळ कुठं मिळतं? या रविवारपासून मीही येतो.

हरिपूरकर

मूळ विषयावर. बिनगियरच्या सायकलच्या बाजूनं माझं एक मत.

२०१९ च्या ऑगस्टमधला पूर. आयर्विन पुलाजवळ इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५, आणि तेव्हा पाणी ५७ च्या वर गेलं होतं हे सगळ्यांना आठवत असेल. आमच्या तळमजल्यात दोन सायकली होत्या. माझी गियरची आणि आईची साधी. आठ दिवस दोन्ही पाण्याखाली. पाणी उतरल्यावर दार उघडलं तर दोन्हींवर बोटभर गाळ, तेलकट, घाण वासाचा.

आईच्या सायकलला मिस्त्रीनं अर्ध्या दिवसात उभं केलं. सगळं सुटं केलं, गाळ धुतला, छर्रे नवे, ग्रीस नवं, चेन नवी. साडेचारशे रुपये. माझ्या गियरच्या सायकलचे शिफ्टर आतून गंजले, केबल अडकल्या, मागच्या गियरची स्प्रिंग गेली. एक-एक भाग मागवत दोन महिने गेले आणि तरी ती पूर्वीसारखी झाली नाही. त्या दोन महिन्यांत गल्लीतलं निम्मं सामान, औषधं, पाण्याचे कॅन आईच्या सायकलवरून आले. पुलाचा चढ असेल तर उतरून ढकलायची, त्यात लाज कसली?

घरात एक साधी सायकल असावीच. दुसरी कुठलीही घ्या.

वाडीची_वाट

हरिपूरकरांशी सहमत. माझा मुद्दा वेगळा. इथं सगळे कामाचं बोलताय, थोडं हिंडण्याचंही बोलू.

सांगलीहून माधवनगर, कर्नाळ, नांद्रे, वसगडे, भिलवडी असा रस्ता धरा आणि पुढं किर्लोस्करवाडीपर्यंत या. उसाची शेतं, मधेमधे द्राक्षाच्या बागा, एका अंगाला रेल्वे. सध्या बेदाण्याचा हंगाम आहे. शेडवर हिरव्या जाळीच्या थरांवर द्राक्षं वाळत घातलेली दिसतात आणि वारं फिरलं की आंबटगोड वास थेट रस्त्यावर येतो. मोटरसायकलवरून हा वास येतो आणि जातो. सायकलवरून तो पुरता एक किलोमीटर सोबत करतो.

वाडीला पोचलात की एक गोष्ट आठवा. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावात उद्योगाची सुरुवात केली ती सायकलच्या दुकानानं. पुढं लोखंडी नांगर आला, मग १९१० साली औंध संस्थानच्या राजांनी दिलेल्या कुंडल रोड स्टेशनजवळच्या माळावर कारखाना आणि वसाहत उभी राहिली. आपल्या जिल्ह्यातल्या या एवढ्या मोठ्या कारखानदारीच्या मुळाशी सायकल आहे, हे शाळेत आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. मला ते माझ्या आजोबांनी सांगितलं, सायकलच्या नळीवर बसवून नेताना.

अजून दम असेल तर पुढं देवराष्ट्रे, यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव, आणि सागरेश्वर अभयारण्य. तिथं मात्र चढ आहे. तिथं गियरवाल्यांचं राज्य, हे मी बिनगियरवाला कबूल करतो.

शाळेची_घंटा

नळीवर बसवून नेताना. किती दिवसांनी हे वाचलं. नळीला टॉवेल गुंडाळायचे ना?

वाडीची_वाट

हो ताई, टॉवेल. आणि उतरल्यावर पाय मुंग्या येऊन बधिर झालेले असायचे.

विश्रामबागकर

मंडळी, काकांनी एवढं गणित मांडलं, तेव्हा म्हटलं प्रत्यक्षच बघू. काल रविवारी मी आणि कंपनीतला एक मित्र दंडोबाच्या डोंगरावर जाऊन आलो. मी काळ्या सायकलवर, तो माझ्या हायब्रिडवर. दोन्हींना वेग दाखवणारं मीटर लावलं.

मिरजेपर्यंत काहीच फरक नाही. पुढं भोशापर्यंतही नाही, उलट मीच पुढं होतो. काळी सायकल एकदा वेगात आली की त्या वजनाचाच फायदा होतो, मोठी चाकं बारीक खड्डे गिळून टाकतात. भोशाकडून डोंगराचा चढ लागला आणि पहिल्याच वळणावर मी उतरलो. ढकलत नेली. मित्र पुढं २८ आणि मागं २८ दातांवर टाकून बसल्या बसल्या चढला. एका फेऱ्यात जेमतेम सव्वादोन मीटर सरकत होता, पण थांबला नाही. वर देवळात तो माझ्याआधी पंधरा मिनिटं पोचला. दगडात कोरलेल्या त्या गार गाभाऱ्यात बसलो, भडंग खाल्लं, पाणी प्यालो.

खरी परीक्षा परतताना झाली. निघायला साडेअकरा वाजले, वारं सुटलं होतं आणि थेट तोंडावर. दर पाच किलोमीटरला सायकली बदलायच्या असं ठरवलं. काळीवर माझा वेग १३, कधी १२. मीटरकडे बघायची गरजच नव्हती, मांड्याच सांगत होत्या. हायब्रिडवर आलो, पुढं ३८ आणि मागं २२ वर टाकलं, वेग १५. दोन किलोमीटरचाच फरक, पण पाय मोकळे फिरत होते आणि मी बोलू शकत होतो. काळीवर असताना आम्ही दोघंही बोलत नव्हतो. मिरजेच्या अलीकडे पाळी माझी होती आणि मी ती मित्राला दिली, गुडघा धरला म्हणून.

आणि हो, एकदा तो शाळेतल्या पोरींचा प्रयोगही केला. त्याच्या मागच्या चाकाच्या हातभर मागं राहिलो. सावली हा शब्द अगदी बरोबर आहे ताई.

तेव्हा ठरलं. हायब्रिड जात नाही. पुतण्याला वेगळी बघू, दहावी झाली की. हायब्रिडला कॅरियर, स्टँड आणि मडगार्ड बसवून घेतो, म्हणजे कामाची सायकल तीच. वडिलांची काळी बाजाराला, दळणाला, आणि आईला देवळात सोडायला. आईला विचारलं, मागं बसशील का, तर म्हणाली, "त्या सायकलवर मी लग्नानंतर पहिल्यांदा गणपतीला गेले होते, मला काय विचारतोस?"

हळदीची पुडी सीटखालच्या पिशवीत ठेवलीय, हत्यारांबरोबर.

मडगार्ड किती रुंदीचं घेऊ? टायर ३५ मिलिमीटरचा आहे.

कृष्णाकाठ

४५ चं घ्या. टायरपेक्षा दहा मिलिमीटर जास्त असलं की काळ्या मातीचा चिखल अडकून चाक जाम होत नाही. आणि पुढच्या मडगार्डला खाली रबराचा पडदा लावून घ्या, बूट कोरडे राहतात.

सराटा

रविवारी पाच वाजता पुष्पराज चौक. रीळ मी आणतो, मिरजवेस दादांनी कात्री आणावी. विश्रामबागकर, तुम्ही काळी घेऊन या, कॅरियरला पाण्याची बादली आणि फडकी बांधता येतील.

विश्रामबागकर

येतो.